झाकली मूठ आणि भागधारकाचा प्रश्न



'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्याकडे घरची अब्रू राखण्यासाठी वापरतात. मूठ मिटलेली असली म्हणजे आत काय आहे ते कोणी विचारीत नाही आणि दिवस निभावून जातो. संसारात ही म्हण खपते. परंतु दुसऱ्याचा पैसा घेऊन जो धंदा करतो, त्याने मूठ झाकून ठेवली तर तिच्यात सव्वा लाख आहेत की सव्वा दमडी, हे पैसा देणाऱ्याने ओळखावे कसे? आजच्या विषयाचे सार या प्रश्नात आहे. कोळसा, तेल आणि वीज यांचा धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना त्यांचेच भागधारक गेली काही वर्षे विचारू लागले आहेत की, पाण्यापासून, राखेपासून, बदलत्या हवामानापासून तुमच्या धंद्याला कोणता धोका आहे, आणि तुमच्या धंद्यापासून भोवतालच्या हवापाण्याला कोणता धोका आहे, ते आम्हाला लेखी सांगा.

कोणी म्हणेल, शिरड शहापुरात शेअरबाजाराचे काय काम? इथला माणूस हळदीचा भाव विचारतो, सोयाबीनचा विचारतो. शेअरचा भाव विचारणारे थोडे. हे खरे आहे. तथापि आपल्यापैकी पुष्कळांचा पैसा या कंपन्यांत गुंतलेला आहे आणि ते त्यांना ठाऊक नाही, हे मी पुढे दाखवणार आहे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे. ताळेबंद वाचायला मी बोनसच्या वाटाघाटींत शिकलो. १९६५ चा बोनस कायदा हाताळताना, 'यंदा नफाच नाही' असे मालक म्हणाला की कामगारांच्या प्रतिनिधीला त्याचे कागद उलगडून पाहावेच लागतात. त्याच सवयीने मी या विषयाकडे पाहतो.

प्रथम भागधारक म्हणजे कोण, ते पाहू. आपल्या भागात सहकारी साखर कारखान्याचे सभासद घरोघर आहेत. वर्षातून एकदा वार्षिक सभा भरते, छापील अहवाल हाती येतो, अध्यक्ष विषयपत्रिका वाचतात आणि मागच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा पुकारा होतो. एखादा सभासद उभा राहून उसाच्या वजनाचा किंवा मळीच्या पाण्याचा प्रश्न काढतो, तेव्हा कुठे सभेला रंग चढतो. कंपनीचेही असेच आहे. तिचे भांडवल लहान लहान भागांत वाटलेले असते. ज्याच्याजवळ एक भाग, म्हणजे एक शेअर, तो तेवढ्या प्रमाणात कंपनीचा मालक. त्यालाही अहवाल मिळतो, सभेची सूचना मिळते, प्रश्न विचारता येतो, मत देता येते. परंतु सहकारात माणशी एक मत असते. पाच भाग असणाऱ्यालाही एकच. कंपनीत भागामागे एक मत असते. म्हणजे सहकाराच्या सभेत माणसे मोजतात आणि कंपनीच्या सभेत पैसा मोजतात. हा भेद ध्यानात ठेवला तरच पुढचे नीट उमजेल.

आता 'पर्यावरणाचा धोका' म्हणजे काय, ते पाहू. हा शब्द फार मोठा वाटतो. पण त्याचा अर्थ समजण्यासाठी परळी वैजनाथच्या पलीकडे जाण्याची गरज नाही. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चक्र फिरते आणि वीज निर्माण होते. कोळसा शेकडो कोसांवरून रेल्वेने आणता येतो. पाणी मात्र जवळचेच लागते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. परळीचे केंद्र गोदावरीच्या खोऱ्यातल्या पाण्यावर चालते. फेब्रुवारी २०१३ मध्ये, मराठवाड्यातल्या त्या भीषण दुष्काळात, १,१३० मेगावॉट क्षमतेचे हे सबंध केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. २०१५ च्या अवर्षणात पुन्हा तीच पाळी आली. यंत्रे शाबूत, कामगार हजर, कोळसाही मिळण्याजोगा. नव्हते ते पाणी.

हे दुष्काळी मुलखाचे दुर्दैव म्हणून सोडून द्यावे, तर मार्च २०१६ मध्ये पश्चिम बंगालात फराक्का येथील एनटीपीसीचे २,१०० मेगावॉटचे केंद्र बंद पडले. ते गंगेच्या पाण्यावर चालणारे, पण कालव्याची पातळी उतरली आणि केंद्र थांबले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१८ मध्ये हिशोब मांडला. देशातल्या वीस मोठ्या औष्णिक वीज-कंपन्यांपैकी चौदा कंपन्यांना २०१३ ते २०१६ या काळात निदान एकदा तरी पाण्यावाचून केंद्र बंद ठेवावे लागले होते, आणि त्यात बुडालेले उत्पन्न १४० कोटी डॉलरांहून अधिक होते. देशातली शेकडा चाळीस औष्णिक केंद्रे पाण्याची ओढ असलेल्या प्रदेशांत आहेत, असेही त्या संस्थेने दाखवले.

पाणी झाले, दुसरा धोका राखेचा. आपल्या देशी कोळशात राख फार. शंभर पोती कोळसा जाळला तर तीस ते पंचेचाळीस पोती राख मागे उरते. ती पाण्यात कालवून मोठमोठ्या तलावांत साठवतात. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशात सासन येथे अशा तलावाचा बांध फुटून सहा माणसे प्राणास मुकली. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व ओढ्यांत पसरला.

तिसरा धोका कायद्याचा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुराचे नवे, कडक नियम काढले. गंधकाचा वायू आवरणारी यंत्रणा बसवायची तर खर्च मोठा. मुदत दिली, वाढवली, पुन्हा वाढवली. शेवटी जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट देण्यात आली. लोकांच्या छातीचे काय होणार, हा प्रश्न आहेच. पण ज्याने पैसा गुंतवला त्यालाही दहा वर्षे हे कळू शकले नाही की आपल्या कंपनीला हा खर्च करावा लागणार की नाही. चौथा धोका भावाचा. सूर्याची वीज स्वस्त झाली, तर पंचवीस-तीस वर्षांच्या हिशोबाने उभे केलेले कोळशाचे केंद्र मध्येच परवडेनासे होते.

या चारही धोक्यांची एक खोड आहे. ते घडून जाईपर्यंत ताळेबंदात दिसत नाहीत. ताळेबंद हा झालेल्या गोष्टींचा हिशोब, होऊ घातलेल्या गोष्टींचा नव्हे. धरण आटेपर्यंत ताळेबंदातले केंद्र पूर्ण किमतीचेच असते. म्हणून भागधारक म्हणू लागले की, झालेला हिशोब आम्ही वाचला. आता होऊ घातलेला सांगा.

या मागणीचा उगम परदेशात आहे. २४ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेले. मासेमारी बुडाली, पक्षी तडफडून मेले. त्याच वर्षी काही गुंतवणूकदार आणि निसर्गरक्षक मंडळी एकत्र आली, त्यांनी 'सेरेस' नावाची संस्था काढली आणि कंपन्यांनी पाळावयाच्या तत्त्वांची यादी केली. आपल्या कारभाराचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते दरवर्षी जाहीर करावे, हे त्या यादीतले एक कलम होते. कंपन्यांच्या सभांत तसे ठराव येऊ लागले. आरंभी त्यांना मते फार थोडी पडत. परंतु ठराव पडला तरी प्रश्न सभेच्या इतिवृत्तात राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतो. आम्हा चळवळीतल्या लोकांना ही रीत नवी नाही.

पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. त्याच एक्झॉन कंपनीच्या ३१ मे २०१७ च्या सभेत एक ठराव आला. जग हवामान आवरण्यासाठी जी पावले टाकील त्यांचा कंपनीच्या धंद्यावर काय परिणाम होईल, ते कंपनीने दरवर्षी सांगावे, अशी त्यात मागणी होती. संचालक मंडळाचा विरोध होता. तरीही शेकडा ६२ मते ठरावाच्या बाजूने पडली. ठराव मांडणाऱ्यांत न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी नोकरांचा पेन्शन फंड पुढे होता. २६ मे २०२१ च्या सभेत तर याहून मोठी गोष्ट घडली. 'इंजिन नंबर वन' या छोट्या गुंतवणूक संस्थेजवळ कंपनीचे अवघे ०.०२ टक्के भाग होते. म्हणजे दहा हजारांत दोन. तिने संचालक मंडळासाठी आपले उमेदवार उभे केले आणि बारांपैकी तीन जागा जिंकल्या. दहा हजारांत दोन भाग असणारा हे करतो कसा? त्याच्या पाठीशी कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांचा पेन्शन फंड, तिथल्याच सरकारी नोकरांचा पेन्शन फंड असे मोठे भागधारक उभे राहिले म्हणून. शाळामास्तरांच्या म्हातारपणाच्या पैशाने जगातल्या एका बलाढ्य तेल कंपनीच्या संचालकांना जागा खाली करायला लावली.

यात निसर्गप्रेम किती आणि स्वार्थ किती, असे कोणी विचारील. स्वार्थ पुष्कळ आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियातच 'पीजी अँड ई' ही जुनी वीज कंपनी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये रखरखीत कोरड्या जंगलात तिच्या वाहिनीची ठिणगी पडून वणवा पेटला. पॅराडाइज नावाचे गाव जळाले आणि ८५ माणसे मेली. भरपाईचे दावे एवढे झाले की जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुन्या तारा, वाळलेले रान आणि वाढती उष्णता, हा धोका वणव्याआधीही होताच. तो वेळेवर मांडला आणि निवारला गेला असता, तर माणसे वाचली असती आणि पैसाही वाचला असता. इथे परमार्थ आणि स्वार्थ एकाच वाटेने चालतात.

मात्र ही वाट सरळ चढणीची नाही. जानेवारी २०२४ मध्ये एक्झॉनने ठराव मांडणाऱ्या दोन भागधारक संस्थांवरच अमेरिकेच्या न्यायालयात फिर्याद गुदरली. त्यांनी ठराव मागे घेतला. अमेरिकेच्या रोखे नियामक मंडळाने मार्च २०२४ मध्ये हवामानाच्या धोक्याची माहिती सक्तीने देण्याचा नियम केला आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयात त्या नियमाचा बचाव करणे सोडून दिले. वारा फिरला की शिडे फिरतात. म्हणून या हत्याराविषयी भाबडी आशा बाळगू नये. त्याचबरोबर ते बोथट आहे असेही समजू नये.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्यातले १६६ वे कलम संचालकांची कर्तव्ये सांगते. संचालकाने कंपनीचे, तिच्या कामगारांचे, भागधारकांचे आणि समाजाचे हित पाहावे आणि पर्यावरणाचे रक्षण करावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शब्द उत्तम आहेत. पण शब्दांना पाय लागतात ते विचारणाऱ्याच्या हक्काने, आणि तो हक्क आपल्याकडे तोकडा आहे. भागधारकांना स्वतःचा ठराव सभेपुढे आणायचा, तर कंपनीतल्या एकूण मतांचा दहावा हिस्सा त्यांच्याजवळ असावा लागतो. मोठ्या वीज कंपनीचा दहावा हिस्सा म्हणजे हजारो कोटी रुपये! इंग्लंडात विशिष्ट किमतीचे भाग असणारे शंभर भागधारक मिळून ठराव आणू शकतात. आपल्या कायद्याने लहान भागधारकाला सभेत बोलायला उभे केले, पण विषयपत्रिकेवर त्याला हात ठेवू दिला नाही.

त्यातून आपल्या अनेक मोठ्या ऊर्जा कंपन्या सरकारी. एनटीपीसीत निम्म्याहून किंचित अधिक आणि कोल इंडियात सुमारे त्रेसष्ट टक्के भाग केंद्र सरकारचे. साध्या बहुमताच्या ठरावावर सरकारचे मत पडले की बाकीच्यांनी हात वर केले काय आणि न केले काय, सारखेच. आणि भागधारकांचा दबाव नेहमी लोकहिताचाच असतो, असेही नाही. २०१२ मध्ये टीसीआय या लंडनच्या फंडाने कोल इंडियाच्या संचालकांवर दबाव आणला. तो कशासाठी? कोळसा स्वस्त विकता, भाव वाढवा, म्हणून. भाव वाढला असता तर विजेच्या बिलातून तो तुमच्याआमच्याच खिशातून जाता. याच फंडाच्या चालकाने २०२० मध्ये, कंपन्यांनी आपली हवामान-योजना भागधारकांच्या मताला टाकावी, अशी मोहीम काढली. भागधारक हा साधू नव्हे आणि चोरही नव्हे. तो आपल्या पैशाकडे पाहतो. त्याचे हित आणि लोकांचे हित कुठे जुळते ते आपण ओळखावयाचे.

परदेशी भागधारकाने न बोलता उठून जाण्याचा मार्गही वापरला आहे. नॉर्वे सरकारच्या पेन्शन फंडाने एप्रिल २०१६ मध्ये ५२ कंपन्यांची यादी जाहीर केली. ज्यांचे शेकडा तीस किंवा अधिक उत्पन्न वा काम कोळशाचे, त्यांचे भाग ठेवायचे नाहीत, असा त्याचा नियम. त्या यादीत टाटा पॉवर आणि रिलायन्स पॉवर ही नावे होती. गंमत अशी की नॉर्वेचा हा फंड मुळात तेलाच्या उत्पन्नातूनच उभा राहिला आहे. टाटा पॉवरने पुढे २०२२ मध्ये, आपण २०४५ पूर्वी कार्बनचा हिशोब शून्यावर आणू, असे जाहीर केले.

माहिती उघड करण्याच्या कामी आपल्या सेबीने मात्र टप्प्याटप्प्याने पाऊल टाकले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१२ मध्ये पहिल्या शंभर कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल देण्यास सांगितले. २०२१ मध्ये त्याचा विस्तृत नमुना आला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना तो सक्तीचा झाला. या अहवालात कंपनीने पाणी किती घेतले, कोठून घेतले, वायू किती सोडला, कचरा किती झाला, हे आकड्यांत द्यावे लागते. एवढेच नव्हे, तर कामावर किती अपघात झाले, किती माणसे दगावली आणि किती कामगार मान्यताप्राप्त संघटनेचे सभासद आहेत, हेही द्यावे लागते. कामगार कार्यकर्त्यांनी हा अहवाल अवश्य वाचावा. तो इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो, पण आकडे कोणत्याही भाषेत आकडेच.

आता आपला पैसा यात कसा, ते सांगतो. थेंबे थेंबे तळे साचे, तसा कामगाराचा भविष्य निर्वाह निधी साचतो. पूर्वी तो बहुतांशी सरकारी रोख्यांत असे. ऑगस्ट २०१५ पासून निधीत नव्याने येणाऱ्या पैशाचा काही हिस्सा शेअरबाजारात जाऊ लागला. आरंभी शेकडा पाच, पुढच्या वर्षी दहा आणि २०१७ पासून पंधरापर्यंत. हा पैसा मुख्यतः अशा फंडांत जातो, जे शेअरबाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे भाग ठरलेल्या प्रमाणात घेतात. निफ्टी निर्देशांकात रिलायन्स आहे, ओएनजीसी आहे, एनटीपीसी आहे, कोल इंडिया आहे. म्हणजे जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणाऱ्या, ज्याचा निधी नियमाने भरला जातो अशा हमालाच्या घामाचा एक बारीकसा थेंब कोळशाच्या खाणीत आणि तेलाच्या विहिरीत जाऊन पडला आहे. विम्याचे तसेच. १९५६ पासून घरोघर पोहोचलेले आयुर्विमा महामंडळ हे या कंपन्यांच्या मोठ्या भागधारकांपैकी एक आहे.

पैसा आपला, पण भाग आपल्या नावावर नाहीत. सभेत मत देतो तो फंडाचा व्यवस्थापक. त्याने मत कसे दिले हे गुप्त नसते. म्युच्युअल फंडांनी आपली मते जाहीर करावीत असा सेबीचा नियम २०१० पासून आहे. १ जुलै २०२० पासून तर, ज्या कंपनीत पैसा आहे तिच्या कारभारावर आणि पर्यावरणाच्या धोक्यांवर लक्ष ठेवण्याची संहिताही त्यांना लागू आहे. विमा कंपन्यांना अशा सूचना २०१७ मध्येच मिळाल्या. आणि निधीचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय विश्वस्त मंडळात कामगारांचे दहा प्रतिनिधी बसतात. ती नावे कामगार संघटनाच सुचवतात. कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांनी जे केले, त्याची पहिली पायरी आपल्या पायाखाली आहे. आपण तिच्यावर उभे राहून विचारीत नाही, एवढेच.

आम्ही व्याजदरासाठी भांडतो आणि ते रास्तच आहे. एका कारखान्यात कामगारांच्या पगारातून निधी कापला, पण तो भरलाच नाही, असे आढळले, तेव्हा आम्ही एकेका महिन्याची पावती मागितली होती. पण पैसा भरला गेला की आमची चौकशी संपते. तो पुढे कुठे गेला, तिथे बुडण्याची भीती किती, हे विचारणेही त्याच हिशोबाचा भाग आहे.

एक आक्षेप मला आमच्याच माणसांकडून ऐकावा लागतो. ते म्हणतात, कोळशावर लाखो घरे जगतात; तुम्ही असे प्रश्न विचारून त्यांची चूल विझवणार काय? या आक्षेपाची टर उडवता कामा नये. चंद्रपूर-वणीच्या खाणी आणि परळी-कोराडीची केंद्रे ही गावेच्या गावे पोसतात. परंतु केंद्र बंद पडते ते प्रश्न विचारल्यामुळे नव्हे. पाणी आटल्यामुळे किंवा वीज महाग पडल्यामुळे. तो दिवस अवचित उगवला तर कायम नोकराची बदली होते आणि कंत्राटी कामगाराचा रोज बुडतो. धोका दहा वर्षे आधी कागदावर आला, तर दहा वर्षे वाटाघाट करता येते. कोणाला नवे काम शिकवायचे, कोणाला कुठे सामावून घ्यायचे, कंत्राटी माणसाची जबाबदारी कोणावर, हे ठरवता येते. म्हणून माझे म्हणणे असे की, पर्यावरणाच्या धोक्याच्या अहवालात कामगारांच्या भवितव्याचा रकाना असलाच पाहिजे.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. भागधारक विचारतो तो आपल्या पैशाला असलेल्या धोक्याविषयी. ज्याची जमीन किंवा मासळी गेली त्याच्याजवळ भागच नसतो. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली आणि भातखाचरे मावळ्यांची बुडाली. त्यांच्या नुकसानीचा रकाना कंपनीच्या कोणत्या ताळेबंदात होता? अलीकडचे उदाहरण मुंद्र्याचे. टाटा पॉवरच्या कंपनीने कच्छच्या किनाऱ्यावर ४,००० मेगावॉटचे केंद्र उभारले. जागतिक बँक गटातल्या आयएफसीने त्याला ४५ कोटी डॉलर कर्ज दिले. तिथल्या मच्छीमारांनी २०११ मध्ये त्या संस्थेच्याच तक्रार कचेरीकडे दाद मागितली, आणि २०१३ मध्ये त्या कचेरीच्या अहवालाने कर्ज देणाऱ्यांच्या तपासणीत उणिवा दाखवल्या. मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने, अशा संस्थेवर कधीच दावा चालणार नाही असे नाही, हे तत्त्व मान्य केले. पण पुढे खालच्या न्यायालयांत त्यांचा दावा टिकला नाही. इकडे इंडोनेशियाने २०१० मध्ये कोळशाच्या निर्यातीचे भाव बांधले आणि सव्वादोन रुपये युनिटच्या हिशोबाने घेतलेला हाच प्रकल्प कंपनीला तोट्यात घेऊन गेला. भागधारकाचा तोटा ताळेबंदात उतरला. मच्छीमाराचा उतरला नाही. तात्पर्य, भागधारकाचा प्रश्न हे एक हत्यार आहे. ते न्यायालयाची, ग्रामसभेची किंवा चळवळीची जागा घेऊ शकत नाही.

आणि जिथे भागधारकच नाही तिथे काय? परळी आणि कोराडी चालवणारी महानिर्मिती ही कंपनी शेअरबाजारात नाही. तिचे सगळे भाग राज्य सरकारच्या हाती आहेत. तिला सेबीचा नमुना लागू नाही. परंतु सरकारची मालकी म्हणजे अखेर आपलीच मालकी. २००५ च्या माहिती अधिकाराने आपण तिला पाण्याचा, राखेचा आणि खर्चाचा हिशोब मागू शकतो. वीजदर ठरण्यापूर्वी वीज नियामक आयोग ग्राहकांच्या हरकती मागवतो. तिथेही हा प्रश्न घालता येतो. पाणी नाही म्हणून केंद्र किती दिवस बंद राहिले आणि त्याचा भार बिलावर किती पडला, असे विचारायला एकही शेअर लागत नाही.

तेव्हा आपण काय करावे? ज्यांचा भविष्य निर्वाह निधी आहे त्यांनी आपल्या संघटनेमार्फत विश्वस्त मंडळातल्या कामगार प्रतिनिधींना लेखी विचारावे की, आमच्या पैशाच्या जोरावर ऊर्जा कंपन्यांच्या सभांत गेल्या वर्षी कोणत्या ठरावावर कसे मत पडले? ज्यांच्याजवळ एखाद्या कंपनीचे चार भाग असतील, त्यांनी सभेची सूचना रद्दीत न टाकता, तुमचे कोणते केंद्र कोणत्या धरणावर अवलंबून आहे, एवढे तरी विचारावे. आणि बाकीच्यांनी येलदरी-सिद्धेश्वरची पातळी पाहताना हे आठवावे की, त्याच पाण्यावर शेत, गाव आणि वीज अशा तिघांचा हक्क असतो. दुष्काळात कोणाचा हक्क आधी, हे उघडपणे ठरावे. मूठ झाकून ठरू नये.